तोदोरोविच, मुक्काम स्लाऊ

“आमचा नव्हे.” एवढं म्हणून म्हातारा फोन ठेवायचा आणि खोलीभर फेऱ्या मारायला लागायचा. पलीकडचा माणूस बिचारा अजून काहीतरी बोलत असायचा. ज्याच्या घरी नुसतं बसलं तरी आपल्याला दम लागतो, असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. माझ्या पाहण्यातला हा.

त्याचं नाव सांगत नाही. आडनाव सांगतो, कारण सगळी भानगड आडनावाचीच होती. तोदोरोविच. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो लेथवर होता आणि मी इन्स्पेक्शनला. ऐंशी सालानंतर लवकरच मी तिथं लागलो, तेव्हा तो साठीकडे झुकलेला, सडाफटिंग, मूळचा सर्बियाचा. कामात एक नंबर. मी त्याचा एकच पार्ट कधीकाळी रिजेक्ट केला होता, तर आठवडाभर तो माझ्याकडे पाठ करून चहा प्यायला. म्हणजे अर्धा प्यायला. कप कधी पुरा संपवलाच नाही त्यानं, मधेच उठायचा.

त्याचा नाद एकच होता. स्लाऊच्या लायब्ररीत सगळ्या देशाच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या असत. शनिवारी तिथं जाऊन तो गावोगावचे तोदोरोविच उतरवून घ्यायचा आणि रविवारी फोन करायचा. प्रश्न ठरलेले. गाव कुठलं? पणजा कोण? आणि घराण्याचा संत कोणता?

हे आडनावाचं प्रकरण त्यानं मला रेघा मारून समजावलं होतं. बापाचं नाव मार्को, तर मुलगा मार्कोविच, मार्कोचा. बाप तोदोर, तर तोदोरोविच. पूर्वी दर पिढीला आडनाव बदलायचं. पुढं कधीतरी सरकारनं सांगितलं, आता बदलायचं नाही. त्या वेळी ज्याचा आजा-पणजा जो असेल तो कायमचा चिकटला. आता तोदोर हे नाव आपल्याकडच्या महादूइतकं पैशाला पासरी. गावागणिक एक तोदोर, आणि प्रत्येकाचे तोदोरोविच वेगळे. मग आपला कोणता हे ओळखायचं कसं? तर संतावरून. आपल्याकडे जसं कुलदैवत, तसा त्यांच्या प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येणारा. आडनाव एक आणि संतही एक, तरच रक्त एक.

ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात एक इंजिनियर तोदोरोविच सापडला होता. भला माणूस, म्हाताऱ्याला काका म्हणायला तयार, नाताळला घरी या म्हणाला. पण त्याचा संत निघाला निकोला. म्हातारा गेला नाही. “माणूस चांगला आहे,” मला म्हणाला, “पण मला माणूस नको आहे. मला माझा भाऊ हवा आहे.”

तर खरी गोष्ट ही. युद्धाच्या शेवटाला बाप मारला गेला आणि हे दोघे भाऊ, थोरला एकोणीसचा, धाकटा चौदाचा, माणसांच्या लोंढ्याबरोबर पायी देश सोडून इटलीतल्या छावणीत पोहोचले. तिथं थोरल्याला, म्हणजे ह्या म्हाताऱ्याला, टायफस झाला. महिन्याभरानं इस्पितळातून बाहेर आला, तर पोरांची तुकडी कुठंतरी हलवलेली. इंग्लंडला नेली, एवढंच कोणीतरी म्हणालं. त्याच्या मागोमाग हाही इंग्लंडला आला. चाळीस वर्षं होत आली तरी कुठल्याच कागदावर त्या पोराचं नाव मिळेना. “आईला सांगितलं होतं, ह्याचा हात सोडणार नाही म्हणून,” हे वाक्य तो मला वर्षातून दोनदा तरी ऐकवायचा, आणि ऐकवून झालं की खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

खरं सांगायचं तर त्याच्या ह्या आडनावाच्या नादाचा मला राग यायचा. पहिल्याच दिवशी माझ्या हजेरीच्या कार्डावरचं ‘किसन’ वाचून त्यानं विचारलं होतं, हे आडनाव कुठून आलं? माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे आडनाव विचारतात ते नातं जुळवायला नव्हे, जात कळावी म्हणून. माझ्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला, पण आडनाव राहिलं ते राहिलंच, आणि ते ऐकलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. मी लहानपणापासून ते बघत आलो. म्हणून पासपोर्ट काढताना मी ते टाकलं आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लावलं, किसन. झालं. स्लाऊच्या गणपतीत एखाद्या काकूंनी “किसन? हे कुठलं हो आडनाव?” असं विचारलं की मी “खानदेशातलं” म्हणून ठोकून द्यायचो. म्हाताऱ्यालाही तेच ठोकून दिलं. आठ वर्षं.

चौदा नोव्हेंबरला त्याच्या घराण्याच्या संतांचा दिवस. त्याचे संत दोन, दोघे सख्खे भाऊ, दोघे वैद्य. त्या दिवशी तो रजा घ्यायचा. ह्या सणाला आमंत्रण द्यायचं नसतं, ज्याला दिवस माहीत असेल त्यानं आपणहून यायचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं उकडलेले गहू, साखर, अक्रोड असं काहीतरी समोर ठेवलं. माझी सात वर्षांची मुलगी, इथंच जन्मलेली, चमचा चाटत म्हणाली, “बाबा, हा आपला खीर आहे.” म्हातारा खूश झाला. पण दिवसभर टेकला म्हणून नाही. बेल वाजली की धावत दाराशी, आणि दारात पोस्टमन. परत येताना बायको म्हणाली, “अहो, ते आपल्याला वाढत होते, पण जीव सगळा दाराकडे होता.”

नव्वदच्या सुमारास त्याच्या देशात पुन्हा धुमसायला लागलं. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर बातम्या यायच्या आणि कालपर्यंत त्याला नुसती ‘गुड मॉर्निंग’ करणारी पोरं आता आडनावाच्या शेवटच्या ‘विच’वरून विचारायला लागली, तू ह्यांच्यातला की त्यांच्यातला? म्हातारा उठून जायचा. रविवारचे फोन रोजचे झाले. जुने नंबर पुन्हा फिरवायला लागला, न जाणो गेल्या खेपेला ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून.

त्याच दिवसांत गावाकडून तार आली, माझे वडील गेले. मला जाता आलं नाही. दोन दिवसांनी कामावर गेलो तेव्हा म्हातारा मुद्दाम माझ्या टेबलाशी आला आणि त्यांच्याकडे गेलेल्याचं नाव आधी विचारतात तसं त्यानं विचारलं, “बापाचं नाव काय होतं?”

“किसन,” मी म्हणालो.

“ते तर तुझं आडनाव.”

मन इतकं थकलं होतं की खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी सगळं सांगितलं. जात म्हणजे काय इथपासून पासपोर्टच्या फॉर्मपर्यंत. तो ऐकत होता आणि मला वाटत होतं, आता ह्याचाही चेहरा बदलेल. बदललाच, पण भलत्या कारणानं.

“कोणी चुकून लिहिलं नाही? तू स्वतः टाकलंस?”

“स्वतः.”

“आणि बापाचं घेतलंस.”

“हो.”

त्यानं टेबलाची कड धरली. अख्ख्या आयुष्यात त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, की माणूस आपलं आडनाव आपल्या हातानं सोडू शकतो. ज्या आडनावासाठी तो डिरेक्टऱ्या झिजवत होता, ते भावाजवळ नसेलच कदाचित. मशीन चालू ठेवून तो तसाच लायब्ररीत गेला. शेवटी मशीन मी बंद केलं आणि फोरमनच्या शिव्या मी खाल्ल्या. शनिवारची वाट बघायचं तेवढं त्यानं सोडून दिलं.

त्यांच्या बापाचं नाव मार्को. मार्कोविच डिरेक्टऱ्यांमध्ये तोदोरोविचांपेक्षाही जास्त. तीन आठवडे फोन चालले. कार्डिफच्या नंबरावर एका बाईनं उचलला, तिथलीच, वेल्श. नवऱ्याचं गाव तिला उच्चारता येत नव्हतं. संत कोणता विचारल्यावर मात्र म्हणाली, ते दोघे भाऊ ना, डॉक्टर? नवरा दर नोव्हेंबरात त्यांच्या नावानं मेणबत्ती लावायचा. मी शेजारीच होतो. म्हाताऱ्यानं पुढचा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. फोन ठेवून मला म्हणाला, “दीड वर्षापूर्वी गेला.”

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर कार्डिफला गेलो. रीडिंगला गाडी बदलली. मग मला राहवेना. मी म्हणालो, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर तुम्हाला तो जिवंत भेटला असता. माझी आठ वर्षांची लाज तुम्हाला भोवली. तो मला समजावेल असं कुठंतरी वाटत होतं. पण त्यानं तसं केलं नाही. “हो,” एवढंच म्हणाला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात कार्डिफ येईपर्यंत काढला नाही.

बाई दारातच उभी होती. दिराला बघून तिच्या तोंडावर हातच गेला, चेहरा इतका तोच. चहा करता करता ती सांगत होती. छावणीत त्या पोराला कोणीतरी सांगितलं होतं, तुझा भाऊ टायफसनं मेला. म्हणून त्यानं कधी शोधलंच नाही. इंग्लंडला येताना कारकुनानं नाव विचारलं, तर पोर म्हणालं, मार्कोचा. सगळं घर गेलं, बापाचं नाव तरी बरोबर राहू दे म्हणून.

मग तिनं एक घड्या पडलेला कागद आणला. त्यांच्याकडे सणाच्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं वाचतात. नुसती नावं. त्या यादीत आडनावं नसतातच. पहिलं नाव मार्को, दुसरं त्यांच्या आईचं आणि तिसरं, खाली दोनदा रेघ मारलेलं, म्हाताऱ्याचं स्वतःचं.

बाई अवघडली. तिनं घाईघाईनं ड्रॉवरमधून पेन काढून त्याच्यापुढे केलं. “खोडून टाका ते,” म्हणाली, “त्याला माहीत नव्हतं हो.”

“राहू दे,” म्हातारा म्हणाला. “चाळीस वर्षं त्यानं माझ्यासाठी मेणबत्ती लावली. ते आता खोटं कशाला करू?”

त्यानं आपल्या नावाखाली भावाचं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण त्याला काही केल्या लावता येईना. शेवटी ते मी त्याच्या हातातून घेतलं.