आप्पांचा सोडलेला हात

आप्पा पडले तेव्हा मी त्यांचा हात धरलेला नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पाय घसरला, एवढंच सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं.

अर्धांगवायूनंतर डॉक्टरांनी माझ्या वडिलांना रोज सकाळी चालवायला सांगितलं होतं. मैसूरच्या आमच्या घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत आणि परत. ते काम माझं. आमचे वाडवडील मैसूरच्या महाराजांच्या घोडदळातले. आप्पांना काठी खपायची नाही, कुणी कमरेला हात लावलेला तर मुळीच नाही. मी शेजारी चालायचं आणि तळहात पुढे करायचा, जणू दोघं फिरायला निघालोय. "मेल्लगे, मेल्लगे," ते म्हणायचे. 'हळू' म्हणायचं झालं की आमच्या घरच्या मराठीत हा कन्नड शब्दच येतो.

मला ऑफिसची घाई. त्या दिवशी आम्ही पायरीपाशी परतलो आणि बाहेर सहकाऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. "एवढी पायरी तुम्हीच चढा की, आप्पा," म्हणालो, हात काढून घेतला आणि वळलो. मागे आवाज झाला.

आईनं नेहमीसारखं दारात पाणी टाकून रांगोळी घातली होती. पायरी ओली होती. "अय्यो, माझ्या पाण्यानं पडले की रे!" ती म्हणाली. "पाय घसरला," एवढंच मी म्हणालो. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याच दुखण्यात ते गेले.

तेव्हापासून आई दारात पाणी टाकत नाही. पायरी फडक्यानं पुसते, वाळेपर्यंत तिथंच बसून राहते, मग रांगोळी काढते. कोरड्यावर रांगोळी बसत नाही, वाऱ्यानं उडते. शेजारणींनी विचारलं तर म्हणते, "बादली उचलवत नाही."

मला झोप येईना म्हणून एका मित्रानं विहारात पाठवलं. तिथले भंतेजी चालण्याचं ध्यान शिकवतात. पाय उचलला, पुढे नेला, टेकला; मनानं तेवढंच पाहायचं. मी निघालो की लगेच समोरची भिंत यायची. भंतेजी कन्नडमध्ये म्हणाले, "काय सर, बस चुकतेय का? मेल्लगे." माझा पाय तिथंच अडला. "आणि हात बांधून घ्या," ते म्हणाले. माझा उजवा तळहात उघडाच पुढे आला होता.

आईला हे कळलं तेव्हा ती हसली. "चालायचा क्लास? तुला चालायला मीच शिकवलं की रे!" मग थांबून म्हणाली, "आप्पांना चालवायचास, तसंच का ते?"

"हो."

"मग तुला येतंच की. किती जपून चालवायचास त्यांना."

तोंडाशी आलं होतं. "कॉफी ठेवू का?" म्हणालो.

विहारात अजून जातो. हात बांधतो, ते सुटतात, पुन्हा बांधतो. मन काही थाऱ्यावर येत नाही; उगाच कशाला येईल? हे लिहिताना वाटलं होतं, आता मोकळा होईन. पण लिहितोय मराठीत, आणि आईला वाचता येतं ते फक्त कन्नड. म्हणजे इथंही लपलोच.

आप्पा तिच्या पाण्यानं पडले नाहीत, मी हात सोडला म्हणून पडले, हे आईसमोर बसून तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.