अर्धं बटण

मंगळवार पेठेत कॅमेरे दुरुस्त करणारे चाचा आहेत. जाता-येता रोज दिसतात, पण बसलेले कधीच नाहीत. उभ्या उभ्या एक पाय हलवत ते कुणाचाही कॅमेरा उचलतात, गिऱ्हाइकावरच रोखतात आणि ओरडतात, "बटण अर्धं दाबा, त्येला नेम धरू द्या, मग पुरं दाबा की!" स्वतःला मात्र क्षणाचा धीर नाही.

माझा जुना, रोलचा ऑटोफोकस कॅमेरा बिघडला म्हणून त्यांच्याकडे नेला. पुरावा म्हणून फोटो दाखवला. थोरला भाऊ आणि मी, दोघंही धुरकट. मागच्या भिंतीवरचा खिळा मात्र लख्ख.

चाचांचा पाय थांबला.

"कॅमेऱ्याला काय न्हाय झाल्यालं. ह्यो मधोमध बघतोय. तुमी दोघं एकमेकापास्नं एवढं लांब उभं ऱ्हायलाय, मधनं त्येला भिंतच दिसली. भाऊ कुठं असतोय?"

"पलीकडच्या गल्लीत."

"मग हितं काय करतायसा, पावणं?" म्हणत त्यांनी नवा रोल घालून कॅमेरा माझ्या हातात कोंबला.

आठवडा झाला. रोज त्या गल्लीच्या तोंडाशी जातो, भावाच्या दारावर कॅमेरा रोखतो, बटण अर्धं दाबतो आणि परत येतो.