लिफ्टवाल्याचं विमान

चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासायचं काम केलं. शहरात लिफ्ट असलेली अशी एकही इमारत नव्हती जिथे ते कधी ना कधी गेले नव्हते, आणि ते जिथे गेले तिथली लिफ्ट पुढचे चार दिवस बहुधा बंदच असे. म्हणून लोक त्यांना तोंडावर 'लिफ्टवाले' म्हणत आणि पाठीमागे 'जिनेवाले'. दुसरं नाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही. जिना तुटून खाली पडल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

ते राहायला चौथ्या मजल्यावर. स्वतःच्या इमारतीची लिफ्टही त्यांनी दोनदा बंद करायला लावली. दुसऱ्या खेपेला त्यांची बायको दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन खाली उभी होती. ती सव्वीस वर्षं शहर बसची ड्रायव्हर होती, त्यामुळे वाट अडली म्हणून आरडाओरडा करायची तिला सवय नव्हती. ती वर आली, पिशव्या ठेवल्या आणि म्हणाली, "आठवडाभर भाजी तुम्ही आणायची." लिफ्टवाल्यांनी आणली. पायऱ्या किती आहेत तेही मोजून ठेवलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या मुलीने एक लांबुळका खोका आणून दिला. आत रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे सुटे भाग होते. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पंखांच्या फासळ्या, एक मोटर, एक पंखा, बॅटरी, आणि चोवीस पानांचं माहितीपुस्तक. पुस्तकात लिहिलं होतं, जोडणीला दोन सुट्ट्या पुरतात.

मुलगी म्हणाली, "बाबा, आयुष्यभर लोकांना खाली थांबवलंत. आता काहीतरी वर सोडा."

लिफ्टवाल्यांना जोडणीला अकरा महिने लागले. पहिला महिना माहितीपुस्तक तपासण्यात गेला. त्यात तीन चुका निघाल्या. त्या त्यांनी विकणाऱ्याला पत्राने कळवल्या, उत्तर आलं नाही, म्हणून आणखी एक पत्र पाठवलं. पुढे जेवणाचं टेबल विमानाने अडवलं आणि दोघं जण ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. पंखाच्या प्रत्येक फासळीला गोंद लावला की ते चोवीस तास तिच्याकडे बघायचे नाहीत, आणि मग ओढून बघायचे. ओढल्यावर दोन फासळ्या सुटल्या. त्याचा त्यांना आनंद झाला.

"सुटल्या म्हणून आनंद?" बायकोने विचारलं.

"अगं, इथे सुटल्या. वर सुटल्या असत्या तर?"

पंखांवर पातळ रंगीत कागद ताणून चिकटवायचा असतो, आणि तो इस्त्रीच्या उबेने चिकटतो. त्यासाठी घरातली इस्त्री गेली. बायको पुढचे दोन महिने चुरगळलेले कपडे घालून फिरली. कुणी विचारलं की सांगायची, "इस्त्री विमानात आहे." लोक त्यापुढे काही विचारत नसत.

विमान तयार व्हायच्या आधीच लिफ्टवाले मैदान बघायला गेले. शहराबाहेर एक रिकामं, सपाट पटांगण होतं. तिथे रविवारी सकाळी दहा-बारा हौशी माणसं आपापली विमानं उडवत. त्यांचे म्होरके एक दातांचे डॉक्टर होते. दुसरा एक बेकरीवाला होता, त्याला सगळे 'गिरकी' म्हणत, कारण त्याचं विमान वर गेलं की एक गिरकी घ्यायचं आणि मग खाली यायचं. त्याच्या गाडीत गोंदाची बाटली कायम असायची.

लिफ्टवाल्यांनी पहिला रविवार नुसता बघण्यात घालवला. लोक वाऱ्याची दिशा न बघता विमान सोडत होते. कुणाच्या पंख्याला चीर गेली होती. एकाची बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि तरी तो ती चार्ज करत होता, तेही गाडीच्या सीटवर. लिफ्टवाले दुपारी घरी आले आणि लिहायला बसले. पुढच्या रविवारी त्यांनी डॉक्टरांच्या हातात एक यादी दिली. उड्डाणापूर्वी बघायच्या एक्केचाळीस गोष्टी. पंख बांधणारे रबर नवे आहेत का. बॅटरी फुगलेली तर नाही. विमान पंखांखाली दोन बोटांवर तोललं तर नाक किंचित खाली झुकतं का. रिमोटची ताकद मुद्दाम कमी करून तीस पावलं लांब गेलं तरी शेपटी ऐकते का. रिमोटची काडी उजवीकडे नेली की विमानही उजवीकडेच वळू बघतं का. हा शेवटचा प्रश्न गिरकीने वाचला, आपलं विमान सुरू करून काडी हलवली आणि विमानाचं झाकण उघडलं. त्याच्या विमानात दोन तारा उलट्या जोडलेल्या होत्या. चार वर्षांपासून.

त्या दिवसापासून लिफ्टवाले मैदानाचे सुरक्षा अधिकारी झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण नको म्हणायचीही कुणाची छाती झाली नाही. त्यांनी एक अपघात नोंदवहीही आणून ठेवली. सहा महिन्यांत तिच्यात एकही नोंद झाली नाही. विमानं मात्र दर रविवारी पडत होती. "पडलं नाही हो, उतरलं," असं लोक म्हणायचे, आणि तुकडे पिशवीत भरायचे.

इकडे त्यांचं स्वतःचं विमान तयार होऊन तीन महिने झाले. दीड मीटर पंखांचं, पांढरं, कडेला निळी रेघ. ते अजून जमिनीवरच होतं. कधी वारा जास्त असे, कधी एक स्क्रू मनासारखा बसत नसे.

"माझी बस अशी तपासली असती तर पहिला प्रवासी अजून स्टॉपवर उभा असता," बायको म्हणाली.

"पण धडधाकट असता."

एका शनिवारी सकाळी ते विमानाचा तोल पुन्हा बघत होते. यादीत त्यांनीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं: घरात काम करताना पंखा काढून ठेवावा. पण तोल बघायचा तर सगळे भाग जागेवर लागतात, म्हणून पंखा लावलेला होता, बॅटरीही आत होती, फक्त तिची पिन जोडलेली नव्हती. इथवर सगळं नियमाला धरून होतं. तेवढ्यात त्यांना शेपटी केसभर वाकडी दिसली. ती सरळ आहे का हे बघायला वीज लागते. पंखा काढायचा, पिन जोडायची, बघायचं, पुन्हा पंखा लावायचा. फार तर चार मिनिटांचं काम. त्यांनी म्हटलं, एका क्षणापुरतं तर आहे, पंखा राहू दे. रिमोट सुरू केला, तो टेबलावर ठेवला, पिन जोडली, आणि शेपटीकडे वाकून बघू लागले. त्यांच्या स्वेटरची बाही रिमोटच्या काडीत अडकली.

मोटर पूर्ण वेगात सुटली. विमान टेबलावरून निघालं, साखरेचा डबा उडवला, माहितीपुस्तक फाडलं आणि टेबलाच्या टोकाकडे धावलं. लिफ्टवाल्यांनी ते पडू नये म्हणून उजवा हात पुढे केला.

बायको स्वयंपाकघरातून आली तोवर विमान भिंतीला आपटून थांबलं होतं. तिने आधी पिन उपटली, मग नवऱ्याचा हात टॉवेलात घट्ट गुंडाळला, तो वर धरायला लावला आणि गाडीची किल्ली घेतली. वाटेत तीन सिग्नल लागले, तिन्हींवर थांबली.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "कशाने लागलं?"

"विमानाने."

तिने फॉर्मवर 'विमान अपघात' असं लिहिलं आणि फॉर्म पुढे पाठवला. पाचच मिनिटांत दोन डॉक्टर धावत आले आणि बाकीचे जखमी कुठे आहेत असं विचारू लागले.

"मी एकटाच होतो," लिफ्टवाले म्हणाले.

"आणि वैमानिक?"

"तोही मीच."

"विमान कुठे पडलं?"

"ताटं-वाट्यांच्या कपाटाजवळ," बायकोने सांगितलं.

अकरा टाके पडले. अंगठा हलवणारी शीर तुटली होती, ती जोडली. डॉक्टर म्हणाले, अंगठा हलेल, पण आधीसारखा चपळ राहील असं वाटत नाही. घरी आल्यावर बायकोने साखर गोळा केली, फाटलेलं पुस्तक उचललं, आणि मग म्हणाली,

"लोका सांगे ब्रह्मज्ञान."

उरलेली अर्धी म्हण तिने सोडून दिली. लिफ्टवाल्यांनी मनातल्या मनात ती पूर्ण केली.

त्यांना हाताच्या दुखण्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त सलत होती. चौतीस वर्षांत त्यांनी कित्येक माणसांना 'एका क्षणापुरतं' म्हणाल्याबद्दल झापलं होतं. दोन रविवार ते मैदानावर गेले नाहीत. तिसऱ्या रविवारी गेले, विमानाशिवाय, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी नोंदवही उघडली आणि डाव्या हाताने, पहिलीत शिकणाऱ्या मुलासारख्या अक्षरांत, पहिली नोंद केली. मग सगळ्यांना बोलावून ती वाचून दाखवली.

"अपघाताची जागा: जेवणाचं टेबल. यंत्रात दोष: नाही. हवामान: लागू नाही. नियम माहीत होता का: होता. नियम कुणी केला: मीच. मग का मोडला: चार मिनिटं वाचवायला. वाचलेली चार मिनिटं कशाला हवी होती: सांगता येत नाही."

कुणीतरी खोकलं. मग दातांच्या डॉक्टरांनी डावा हात पुढे केला. तर्जनीवर एक पांढरी रेघ होती.

"सहा वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "असंच. टेबलावर. पेशंटना सांगतो, कुत्रा चावला."

गिरकीने बाही वर सारली. मनगटाच्या वर तीन आडवे वण होते. "हे बेकरीच्या भट्टीचे, असं घरी सांगितलंय."

मग एकेक जण पुढे येऊ लागला. दहा माणसांत चौदा वण निघाले. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की असला मूर्खपणा आपण एकट्यानेच केला. लिफ्टवाल्यांनी सगळ्या नोंदी तारखांसकट घेतल्या, ज्यांना तारीख आठवेना त्यांना साल विचारलं. त्या दिवशी कुणी विमान उडवलं नाही. वही भरण्यातच बारा वाजले.

त्यानंतर मैदानावर एक लाल फीत आली. पंखा लावला की मोटरभोवती ती फीत गुंडाळायची, आणि उड्डाणाच्या रेघेपर्यंत जाईतो सोडायची नाही. याला कुणीही कुरकुर केली नाही.

विमानाचं नाक फुटलं होतं आणि मोटरची बैठक निखळली होती. लिफ्टवाल्यांचा उजवा हात कामाचा नव्हता. तेव्हा बायकोने खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली.

"सांगा काय करायचं. पण एकदाच सांगा."

ते सांगत गेले, ती करत गेली. गोंद सुकायला चोवीस तास ठेवायचा म्हटल्यावर तिने बाटलीवर वाचलं, "सहा तास." लिफ्टवाले म्हणाले, "बरं, बारा." ती म्हणाली, "आठ." आठ झाले. तीन आठवड्यांत विमान उभं राहिलं. तोल, तारा, रबर, बॅटरी, सगळं आता तिलाही कळत होतं. बॅटरी ती मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करायची आणि चार्जिंग संपेपर्यंत समोर विणत बसायची.

मैदानावर पहिलं उड्डाण तिने केलं, कारण हात तिचाच चालत होता. एकेक बाब यादीतून वाचायची लिफ्टवाल्यांनी, आणि "आहे" म्हणायचं तिने. एक्केचाळीस वेळा 'आहे' म्हटल्यावर तिने वाऱ्याकडे तोंड केलं आणि काडी पुढे नेली. विमान गवतावरून धावलं आणि उचललं गेलं.

नवशिक्यांची खरी पंचाईत विमान परत आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा होते. उजवं डावं होतं, डावं उजवं होतं, आणि माणूस घाबरून नको तिकडे काडी दाबतो. डॉक्टर मदतीला पुढे झाले. बायकोने त्यांना नुसतं बाजूला व्हायला सांगितलं.

"सव्वीस वर्षं आरशात बघून बस मागे घेतलीय," ती म्हणाली. "हे तर माणसांनी भरलेलंही नाही."

विमान पाच फेऱ्या मारून उतरलं. जरा उसळलं, पण एकाच तुकड्यात थांबलं. लिफ्टवाल्यांनी घड्याळ बघून वेळ लिहिली आणि चाकांचे स्क्रू तपासले.

पुढचे चार महिने ती उडवत राहिली आणि ते यादी वाचत राहिले. रोज सकाळी ते रबरी चेंडू दाबत. अंगठा हलू लागला, पण सावकाश, एखादी जुनी लिफ्ट मजल्यावर येऊन बसावी तसा. बायको हे बघत होती. एका रविवारी तिने डॉक्टरांकडून दुसरा रिमोट मागून आणला आणि दोन्ही रिमोट तारेने जोडले. मुख्य रिमोट तिच्या हातात, दुसरा नवऱ्याच्या. तिने एक बटण दाबून धरलं की विमान त्यांचं ऐकणार, सोडलं की परत तिचं.

"मी वर नेऊन देते," ती म्हणाली. "मग तुमचं. घाबरू नका, माझं लक्ष आहे."

"मी घाबरत नाही. अंगठ्याचा भरवसा नाही."

"म्हणून तर मी आहे."

विमान उंच गेलं. तिने बटण दाबलं. "घ्या."

लिफ्टवाल्यांनी काडीला हात लावला. विमान थोडं डगमगलं, उजवा पंख खाली गेला, त्यांनी अंगठा डावीकडे नेला, तो उशिरा पोचला, पण पोचला. विमान सरळ झालं. एक लांबलचक वळण, मग दुसरं. बायको विमानाकडे बघत होती आणि तिचं बोट बटणावरून उचललं गेलं नाही. साडेतीन मिनिटांनी त्यांनी स्वतःहून सांगितलं, "आता तू घे. उतरवणं माझं काम नाही."

तिने उतरवलं. डॉक्टरांनी येऊन विचारलं, "कसं वाटलं?"

लिफ्टवाल्यांनी बराच विचार केला. "विमान उतरलंय," ते म्हणाले. "मी अजून उतरतोय."

आता त्यांच्या घरात दोन विमानं आहेत. दुसरं बायकोचं, लाल रंगाचं, ते तिने दोन सुट्ट्यांत जोडलं. लिफ्टवाल्यांनी ते तपासायला घेतलंय. तिने त्यांना पुढच्या रविवारपर्यंतची मुदत दिलीय.