बर्थाच्या कार्डाचं अटेस्टेशन

बहरीनच्या मनामा शहरातल्या हूरा भागात एका हॉटेलात हॅन्सेल डाबरे सव्वीस वर्षं ॲडमिनचं काम करतो. हुद्दा कारकुनाचा, पण मान मंत्र्याचा. कोणाच्या बायकोचा व्हिसा अडला, कोणाच्या मुलीच्या दाखल्यावर आडनाव चुकलं, की बहरीनमधली वसईकर मंडळी एकमेकांना सांगतात, हॅन्सेलकडे जा, तो पेपर सरळ करून देतो. आणि तो देतोही. आखातात माणसापेक्षा कागद मोठा, हे तो पहिल्याच महिन्यात शिकला. लग्नाचा दाखला वसईतल्या गिरीजच्या चर्चमधून आणला तरी इथे तो रद्दी. दिल्लीचा, वकिलातीचा आणि इथल्या खात्याचा शिक्का बसला की तोच दाखला खरा. ‘आमची लग्नं स्वर्गात नाही जुळत, अटेस्टेशनच्या खिडकीवर जुळतात,’ असं तो हसून सांगायचा. त्या खिडकीवरच्या ‘मफी’चं, म्हणजे साफ नकाराचं, चौथ्या फेरीत ‘खलास, झालं काम’ होताना त्याने इतक्यांदा पाहिलं होतं की नकारावर त्याचा विश्वासच उरला नव्हता.

अशा माणसाच्या घरात, उम्म अल हस्सम भागातल्या दोन खोल्यांत, त्याची बायको बर्था दीड वर्ष कॅन्सरने झिजत होती. दुखणं मणक्यात उतरलं होतं आणि केमोने पायांच्या नसा जाळल्या होत्या. तळव्यांना चादर लागली तरी ती कळवळायची. मॉर्फिन मिळत होतं, पण ते घेतलं की पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. गावी न्यावं, तर विमान कंपनीने अशा पेशंटला घ्यायला नकार दिला. हॉस्पिटलचा डॉक्टर वाईट नव्हता, पण तो आता फाइल बघायचा, तिच्याकडे बघायचं त्याने सोडलं होतं.

बर्थाचा भाचा ओस्विन कॅलिफोर्नियात असतो. तो एकदा फोनवर म्हणाला, “अंकल, इथे अशा पेशंटला गांजाचं औषध देतात. डॉक्टर ऑनलाइन बघतो आणि परवानगीचं कार्ड देतो. मावशीला जरा भूक लागेल, झोप लागेल.”

“मग कर.”

“पण अंकल, बहरीनमध्ये ते...”

“ते माझ्यावर सोड.”

हॅन्सेलला कायदा ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोराला तो स्वतः बजावायचा, बाबा, मसाल्यात खसखससुद्धा आणू नकोस, इथे ती नशेत मोडते. पण स्वतःच्या घरचं दुखणं आलं की शहाण्याची अक्कलही गहाण पडते. तो विचार करी, दारूही इथे हरामच. तरी आमच्या हॉटेलच्या बारमध्ये भिंतीवर लायसन फ्रेम करून लावलंय, आणि दर वर्षी ते रिन्यू मीच करतो. दारूला पेपर मिळतो, मग मरणाऱ्या बाईच्या औषधाला का मिळू नये? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ह्या बुडत्याने कागद धरला.

ओस्विनने आपला पत्ता घालून फॉर्म भरला. एका संध्याकाळी बर्थाला उशांना टेकवून बसवलं आणि फोनच्या पडद्यावर एक अमेरिकन डॉक्टर उगवला. “तुम्ही आत्ता ह्याच पत्त्यावर आहात ना?” त्याने पहिलंच विचारलं. पंधरा वर्षं चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलेली बर्था म्हणाली, “येस डॉक्टर.” नेमकी तेव्हाच शेजारच्या मशिदीची बांग सुरू झाली. हॅन्सेल उशी घेऊन खिडकीकडे धावला, जशी काही उशीने बांग अडते! डॉक्टरने ऐकलं की नाही, देव जाणे. तो विचारत राहिला. कुठे दुखतं, कसं दुखतं, आगीसारखं की सुया टोचल्यासारखं, खावंसं काय वाटतं. बर्था मोडक्या इंग्रजीत सांगत गेली, आणि तो मध्ये न बोलता ऐकत गेला. सगळं मिळून अकरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी ईमेलने कार्ड आलं, फोटोसकट. हॅन्सेलने ते हॉटेलच्या प्रिंटरवर रंगीत छापलं. आणि नुसत्या त्या कागदावर बर्थाने दोन दिवस वाटी-वाटी पेज पोटात ठेवली.

आता राहिलं अटेस्टेशन. हॅन्सेलचा हिशेब सरळ होता: कार्ड इथे शिक्का मारून खरं करायचं, मग हॉस्पिटलच औषध मागवेल. पहिली पायरी अरबी भाषांतराची. त्यासाठी तो हूऱ्यातल्या कमालच्या टायपिंग सेंटरवर गेला. सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देणारा हा कमाल त्याचा वीस वर्षांचा दोस्त. कमालने कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं, आणि उठून दुकानाचं दार लावून घेतलं.

“हॅन्सेल भाई, ये और किसको दिखाया?”

“किसी को नहीं. पहले तुम ट्रान्सलेशन करो, फिर एम्बसी, फिर मिनिस्ट्री.”

“पागल हो गए क्या? इसमें भाभी का नाम है, फोटो है. जिस काउंटर पे रखोगे, वहीं पुलिस बुलाएँगे. बीमार औरत को बिस्तर से उठाके ले जाएँगे.”

“पर दारू का लायसन तो...”

“दारू अलग, ये अलग. इसका कोई पेपर नहीं बनता इस मुल्क में.”

“साथ में हॉस्पिटल का लेटर लगा दें तो?” हॅन्सेलने विचारलं. त्याच्या टेबलासमोर उभे राहणारे लोक अगदी ह्याच आवाजात विचारायचे.

कमालने कार्ड कागद कातरायच्या मशीनमध्ये सरकवलं, कार्डाच्या पट्ट्या झाल्या. मग हॅन्सेलचा फोन घेऊन ईमेल, वेबसाइट, डॉक्टरचा नंबर, सगळं स्वतः पुसलं. भाच्यालाही ह्या विषयावर फोन करू नको म्हणाला. हॅन्सेलला राग येत होता, पण काढायचा कोणावर? कमाल दोस्तासारखा वागला होता. ओस्विनने मायेपोटी केलं होतं. डॉक्टरही आपलं काम नीट करून गेला होता. ह्यात शिवी द्यायलासुद्धा कोणी सापडत नव्हतं.

घरी आला तेव्हा बर्था जागी होती. शेजारणीकडून तिने केस विंचरून घेतले होते.

“झालं?” तिने विचारलं.

“नाही झालं. होणारही नाही.” त्याने कमाल काय म्हणाला ते सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “मग त्या डॉक्टरला फोन लाव.”

“अगं, औषध मिळणार नाही म्हणतोय ना.”

“औषध नको रे. तो विचारत होता ना, कुठे दुखतं, कसं दुखतं. तसं विचारू दे परत एकदा.”

“त्याचा नंबर नाही आता. पुसला.”

“मग तू विचार.”

हॅन्सेल खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसला. जन्मभर त्याने लोकांना नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर विचारले होते. तो म्हणाला, “कुठे दुखतं?” बर्था डोळे मिटून सांगू लागली. तळव्यांपासून घोट्यापर्यंत, मग पोटऱ्या, मग कंबर. “कसं दुखतं?” त्याने विचारलं. तेही तिने सांगितलं, मराठीत, अडखळल्याशिवाय, जे त्याने आजवर ऐकलंच नव्हतं. मग ती थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली. पायांवरून हात फिरवावा तर हातही तिला सोसत नव्हता.

“विचार ना,” बर्था म्हणाली.

डॉक्टरचा पुढचा प्रश्न त्याला आठवेना. त्याने पुन्हा पहिलाच विचारला, आणि ती पुन्हा तळव्यांपासून सांगू लागली.