पाड्यावरचं दहावं

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, ही मात्र डोक्यातून जात नाही. निवृत्तीआधी मी शिरपूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एक शेतकरी बेपत्ता झाल्याची नोंद आमच्याकडे होती. बांधावरून त्याचं चुलतभावाशी हाडवैर. या चुलतभावाला सगळे आबा म्हणत.

शोध चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला. आबांनी नदीवर दहावं घातलंय, डोकं भादरलंय, आणि पाड्यावर तर कुणी मेलेलंच नाही. पोलीस पाटलानंही दुजोरा दिला. यात पाणी मुरतंय हे कळायला पोलीसच असावं लागत नाही. माणूस खून पचवतो, पण भावकीचं सुतक चुकवायला घाबरतो. हे मी नोकरीत पाहिलेलं होतं.

आबांना चौकशीला आणलं. दहावं कुणाचं, एवढा एकच प्रश्न. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. खुनाच्या गुन्ह्यात अडकाल, उरलेलं आयुष्य जेलात जाईल, हेही सांगून झालं. शेवटी एवढंच म्हणाले, की ती गोष्ट बायकोची आहे, ती सांगेल तरच.

दुपारी त्यांची बायको आपणहून ठाण्यात आली. तिला पाड्यावर सगळे अक्का म्हणत. महिला शिपायानं खुर्ची दिली, पण अक्का उभ्यानंच बोलल्या.

"मन्हा भाऊ मरी गया, साहेब. मुंबईले."

भाऊ म्हणजे हिंदी सिनेमाचा तो सगळ्यांचा लाडका दिग्दर्शक. त्याच्या निधनाची बातमी नुकतीच टीव्हीवर दिवसभर चालली होती. मी चाटच पडलो. तरुणपणी त्यानं या पाड्यावर सिनेमा काढला, शूटिंग अक्कांच्या अंगणात झालं. त्याच दिवसांत त्यांची तान्ही मुलगी गेली होती. नटी अंगाई म्हणायला लागली आणि कडेला उभ्या असलेल्या अक्कांचा बांध फुटला. कॅमेरा चालूच होता. सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच, असं शूटिंगवरचा जो तो म्हणू लागला.

"मी सांगं, भाऊ, हाई कोनले दखाडू नको. त्यानी दखाडं नही."

कुणालाच न दाखवता पुढे तो तेवढा फिल्मचा तुकडा कापून घेऊन स्वतः आला, अक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो चुलीत घातला. मग दर भाऊबीजेला तो येत राहिला. त्याला मूलबाळ नाही, म्हणून अक्कांनीच आबांना दहावं घालायला लावलं.

खातरजमा म्हणून मुंबईला त्याच्या सहायकाला फोन लावला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, अक्का कशा आहेत? आबांना घरी सोडलं. बेपत्ता गडी पुढे सुरतेला कामावर सापडला, भांडून निघून गेला होता. त्या दिवशी अक्कांचा जबाब लिहिताना हवालदारानं मयताशी नातं विचारलं. मी म्हटलं, सख्खा भाऊ लिही.

त्या दिग्दर्शकाचे सिनेमे मी कैक वेळा पाहिलेत. लोक त्याच्या गाजलेल्या प्रसंगांबद्दल भरभरून बोलतात, आणि बोलावंच. पण हातात आलेली एवढी मोठी गोष्ट एका अडाणी बाईच्या शब्दाखातर सोडून देणारा माणूस किती मोठा असेल! पुरावा हाती लागला की तो वापरायचाच, एवढंच आम्ही पोलीस शिकलेलो. सोडायचं काय, हे मला त्यानं शिकवलं.

आता पाड्यावरचा तो सिनेमा लागला की अंगाईपाशी माझे डोळे भरून येतात. घरातले विचारतात, इथे रडण्यासारखं काय आहे? अंगाईचा आवाज येतो, पण पडद्यावर तर नुसतं रिकामं अंगण असतं.