शाब्बासकीची दारू

माझा नवरा धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. मूळचा भित्रा माणूस. कुणी रागावलं तर दोन दिवस त्याला जेवण जात नसे. एकदा स्टोव्ह भडकला, तर वर्षभर त्यानं स्टोव्हला हात लावला नाही. तेव्हा मला त्याची कीव यायची. पुढे ती कीवही उरली नाही.

हंगामात कापूस रोलरमध्ये अडकला की मशीन थांबवून काढायचा, असा नियम होता. पण मशीन थांबवणं मुकादमाला परवडत नव्हतं. जिनिंगमध्ये दारूला बंदी असूनही त्याच्याकडे मोहाची बाटली असायची. दुपारी दोन घोट पाजले की माझा नवरा चालत्या मशीनमध्ये हात घालायचा.

एकदा तळहात सोलून घरी आला.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"मुकादम सगळ्याइच्या समोर म्हने, शाब्बास!" तो हसत होता. रक्त गळत होतं, त्याचं त्याला काहीच नव्हतं.

मी अबोला धरला, चूल पेटवली नाही. शुद्धीत असता तर रडला असता. पिऊन आला आणि उपाशीच घोरत पडला.

शेवटी मी मुकादमाला गाठलं. "त्याले काहून पाजता तुमी?"

"शुद्धीत भेते तो," मुकादम शांतपणे म्हणाला. "मंग काम कोन करन, बाई?"

आठवड्यातच नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

अमरावतीच्या दवाखान्यात पहिले चार दिवस तो पंख्याच्या आवाजानंही दचकत होता. मला वाटलं, आता तरी अद्दल घडली. पाचव्या दिवशी मुकादम नारळ घेऊन आला. पिशवीत बाटलीही होती. मी पाणी आणायला गेले होते, परतले तर दोघं हसत होते.

"मशीन बंद नाई पडली ना?" नवरा विचारत होता.

"एक मिनिट नाई!"

मी बाटली हिसकावून मोरीत ओतली. मुकादम निघून गेला. नवऱ्यानं सगळ्या वॉर्डासमोर मला आईवरून शिवी दिली. बोटं गेली तेव्हा मुकादमाला त्यानं एक शब्द ऐकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पातूरला भावाकडे गेले आणि शिवणकामावर पोट भरू लागले. तो दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा पिऊनच. मी दार उघडलं नाही. याचा मला आजही पस्तावा नाही.