चंद्री शेळीच्या नावाची वेबसाइट

महाळुंगे पडवळच्या रत्नदीपचा स्वभावच संशयी. रोपं भरलेला टेम्पो निघाला तरी तो ड्रायव्हरला थांबवून मागं डोकावायचा. वडलांच्या, भागुजींच्या नावानं काढलेली त्याची टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका मात्र नगर-नाशिकपर्यंत पोचली होती. गिऱ्हाईक आता वेबसाइट विचारू लागलं होतं.

आळेफाट्याला दादाभाऊचं फ्लेक्सचं दुकान होतं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. दादाभाऊनं नेटवर वेबसाइटची नावं विकणारी एक स्वस्तातली कंपनी शोधली आणि ‘भागुजीरोपं’ टाकून बघितलं. नाव मोकळं होतं. पण रत्नदीपच्या फोनवर पैसे भरायचा ओटीपी काही येईना. उद्या घेऊ म्हणून दोघं उठले.

दुसऱ्या दिवशी बघतात तर नाव गेलेलं. मालक कोण ते झाकलेलं. खाली त्याच कंपनीची ओळ, मालकाशी बोलून नाव मिळवून देऊ. दर दहापट.

रत्नदीप स्क्रीन सोडून दादाभाऊकडं बघत राहिला.

“हे नाव तुला नि मलाच ठावं व्हतं.”

“मग मी घेतलं म्हणतोस का?”

“मी काय बी म्हणत न्हाई.”

त्यानंतर रत्नदीपचं फ्लेक्सचं काम मंचरला जाऊ लागलं. बाजारात दादाभाऊ दिसला की हा गाडी वळवायचा. दादाभाऊनं नवा प्रिंटर घेतल्याचं कानावर आलं, तेव्हा तर त्याला जेवण गोड लागेना.

बायको तेजस्विनी या धुसफुशीला कंटाळली. “आपल्या फोनवर असलं नाव टाका, जे कुणाला फुकट बी नको. ते बी गेलं, तर दादाभाऊ काय आपल्या घरात बसलाय का?”

अंगणात चंद्री शेळी लंगडत होती. रत्नदीपनं त्याच कंपनीच्या पानावर ‘लंगडीचंद्रीशेळी’ टाकलं. मोकळं होतं. सकाळी पुन्हा बघितलं तर ते गेलेलं. मालक झाकलेला, खाली तीच ओळ, तोच दहापट दर.

टाकलेलं नाव ती कंपनीच ढापत होती. त्याला हसू येईना. चहा तसाच ठेवून तो आळेफाट्याला गेला आणि घडलं ते सांगितलं. दादाभाऊ फ्लेक्स कापत होता. त्यानं हात थांबवला नाही.

“म्हंजी मी चोर न्हाई, हे तुला शेळीकडनं कळलं.”

फ्लेक्स कापून झाल्यावर दादाभाऊनंच दुसरी, खात्रीची कंपनी उघडून दिली आणि खुर्चीवरून उठला.

“नाव तूच टाक. पैसं भरून लगेच घे. मी भाईर हाय.”

“आरं, बस की हितंच.”

“नगं राव,” म्हणत तो रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. रत्नदीपनं आतून दोनदा हाक मारली, तरी तो वळला नाही.